ऑपरेशन झालं, आता घरी काय?

माझ्या बायकोचं डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन १७ ऑक्टोबर २०२४ ला मिरजेत झालं. त्याला आता वर्ष होत आलं. त्या दिवसांत मी रात्री जागून मोबाईलवर शोधत असायचो, की बाई घरी आल्यावर नवऱ्यानं नेमकं काय करायचं असतं. आजाराबद्दल ढीगभर सापडायचं, घरातल्या कामाबद्दल जवळजवळ काहीच नाही. म्हणून हे लिहितोय. हिनं लिहायला हो म्हटलं, फक्त माझं नाव आणि गावाचं नाव घालू नका म्हणाली. तेव्हा तासगाव तालुक्यातलं एक गाव, अडीच एकर द्राक्षबाग, आई, बारावीतली मुलगी, नववीतला मुलगा आणि आम्ही दोघं, एवढं पुरे. मी डॉक्टर नाही. आमच्या बाबतीत जे झालं ते सांगतोय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

गाठ हिला गणपती बसायच्या आधीच लागली होती. अंघोळ करताना, काखेकडच्या बाजूला. टणक होती आणि दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं तिला वाटलं, शिवाय घरात गौरी यायच्या होत्या. १२ सप्टेंबरला गौरींचं विसर्जन झालं आणि त्या रात्री भांडी आवरून झाल्यावर तिनं मला सांगितलं. न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी, हे आम्हाला नंतर कळलं. तासगावच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि लगेच सांगलीला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. दोन्हीचे मिळून २,६०० रुपये झाले. एकाच स्तनात दोन ठिकाणी गाठी दिसल्या.

मग बायोप्सी. ती जागा बधिर करून जाड सुईनं गाठीचे बारीक तुकडे काढतात. पंधरा-वीस मिनिटांत होतं, आणि त्याच दिवशी घरी सोडतात. या टप्प्यावर घरोघरी एकच गोष्ट ऐकायला मिळते: ‘सुई लावली की पसरतं, हात लावू देऊ नका.’ आमच्या भावकीतल्या दोघांनी ती मला बांधावर येऊन सांगितली. मी सर्जनना सरळ विचारलं. ते म्हणाले, सुईनं पसरत नाही, पसरतं ते उशीर केल्यानं. आणि बायोप्सीशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर छातीला सुरी लावणार नाही. आठवड्याभरानं रिपोर्ट आला. कॅन्सर होता. ही माझ्या शेजारी बसली होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘छाटणी कधी धरलीय, अहो?’ डॉक्टर गोंधळले. मी नाही गोंधळलो. तिचं डोकं असंच चालतं, अवघड काही समोर आलं की ती आधी हाताला लागेल असं काम शोधते.

कागदांचं सांगतो, कारण आमचे बरेच दिवस त्यातच गेले. आम्ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेतले. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. जुलै २०२४ पासून कुठलंही रेशनकार्ड असलं तरी चालतं, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. रुग्णालय योजनेच्या यादीत असायला हवं. तिथं दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं, सगळ्यात आधी तिथं जायचं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याला दाखवली की तो ऑनलाइन प्रस्ताव पाठवतो, वरून मंजुरी येते आणि मग ऑपरेशनची तारीख पक्की होते. आमचं घोडं रेशनकार्डावरच अडलं. आधारवर हिचं लग्नानंतरचं नाव आणि कार्डावर आडनावात एक अक्षर वेगळं. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन अर्ज, आधारची झेरॉक्स आणि कार्डाची झेरॉक्स दिली. तिथल्या बाईंनी कागद वाचले, ‘कॅन्सर’ हा शब्द पाहिला आणि मला बाकावर बसवून दुरुस्ती त्या दिवशीच वर चढवली. घरात कुणी आजारी नसतानाच रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून सगळ्यांची नावं ताडून बघा. योजनेची मदतवाहिनी आहे, १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

योजनेत ऑपरेशन, खाट, औषधं आणि रुग्णाचं जेवण आलं. मात्र दाखल होण्याआधीच्या तपासण्या आमच्या खिशातून झाल्या: मॅमोग्राफी, बायोप्सी, सीटी स्कॅन, हृदयाची टू-डी एको आणि रक्ततपासण्या मिळून सोळा हजारांच्या घरात. पुढे गाठीच्या जास्तीच्या तपासण्यांना आणखी साडेचौदा हजार लागले. एवढी रोकड आधीच वेगळी काढून ठेवली तर धावपळ कमी होते.

सर्जननी सांगितलं की गाठ एकच असती तर तेवढाच भाग काढून स्तन राखता आला असता. दोन गाठी दोन कोपऱ्यांत असल्यामुळे पूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागतील. स्तन पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही त्यांनी समजावलं. ही म्हणाली, ‘आत्ता नको. आधी बरी होते.’ मी त्यात काही बोललो नाही. शरीर तिचं होतं, आणि डॉक्टर तिच्याकडे बघून बोलत होते, माझ्याकडे नाही, हे मला आवडलं.

मुलांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी. ‘आईला कॅन्सर आहे, ऑपरेशन आहे, बरा होण्यासारखा आहे.’ शब्द टाळला नाही. मुलाने विचारलं, केस जाणार का. मुलगी गप्प राहिली. तिनं दोन दिवसांनी मला गोठ्यात गाठून विचारलं, ‘मला पण होईल का?’ हा प्रश्न मी डॉक्टरांकडे नेला. आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही. त्यांनी सांगितलं की आईला ज्या वयात निदान झालं, त्याच्या दहा वर्षं आधीपासून मुलीनं नियमित तपासणी सुरू करायची; आत्ता घाबरायचं नाही, स्वतःचं शरीर ओळखायला शिकायचं. निदान झालं तेव्हा ही ४४ वर्षांची होती. पोरीनं ३४ हा आकडा वहीत लिहून ठेवला.

१७ तारखेला सकाळी बांगड्या काढायच्या होत्या. हिरव्या काचेच्या, गौरींना भरलेल्या. सिस्टरनी साबण लावून एकेक अलगद उतरवली, एकही फुटू दिली नाही. मंगळसूत्र माझ्या शर्टाच्या खिशात. आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत चारेक तास गेले. त्यातलं खरं ऑपरेशन अडीच तासांचं. बाकी वेळ भूल देण्यात आणि शुद्धीवर येण्यात जातो, हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर तिसऱ्या तासाला माझ्या पायातलं बळ गेलं नसतं.

ती बाहेर आली तेव्हा डाव्या कुशीतून दोन नळ्या निघाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक दाबता येणारी प्लास्टिकची बाटली. त्याला ड्रेन म्हणतात. कातडीखाली जखमेचं पाणी साठू नये म्हणून तो ठेवतात. एक नळी छातीवरची, एक काखेतली. पुढचे कित्येक दिवस आमचं घर या दोन बाटल्यांच्या वेळापत्रकावर चाललं.

दवाखान्यात असतानाच मी सिस्टरना म्हटलं, मला दाखवू नका, माझ्याकडून करून घ्या. त्यांनी घेतलं. हात साबणानं धुवायचे. नळीला असलेला चाप लावायचा. बाटलीचं बूच उघडून पाणी मापाच्या पेल्यात ओतायचं, आकडा बघायचा. बाटली पूर्ण दाबून आतली हवा काढायची, दाबलेली असतानाच बूच लावायचं, मग हात सोडायचा आणि चाप काढायचा. बाटली दबलेली राहिली तर ओढ चालू आहे; फुगलेली दिसली तर हवा शिरलीय, पुन्हा दाबायची. नळीत गुठळी अडकली असेल तर नळी कुशीजवळ एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीनं खालच्या बाजूला निपटत न्यायची. ती वरची पकड सुटली तर टाके ओढले जातात, म्हणून हे घाईत करायचं नाही.

आणखी एक गोष्ट तिथंच केली. काखेतल्या ग्रंथी काढल्या की त्या हाताला जन्मभर सूज येण्याचा धोका राहतो, म्हणून त्या हाताला सुई, सलाईन आणि बीपीचा पट्टा नको, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कर्मचाऱ्यांची पाळी बदलली की नवीन माणूस येतो, रात्री झोपेत असलेल्या बाईचा जवळचा हात धरतो. मी पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलं, ‘डाव्या हाताला सुई नाही, बीपी नाही’, आणि खाटेच्या डोक्याशी टांगलं. सगळ्यांनी ते वाचलं. तो पुठ्ठा पुढे केमोच्या वेळीही बरोबर नेला.

२१ ऑक्टोबरला घरी सोडलं. गाडी भावाची होती. आपल्याकडे ड्रायव्हरशेजारच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, नेमका ऑपरेशनच्या बाजूनं. त्यामुळे तिला ड्रायव्हरच्या मागे बसवलं, तिथं पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. छाती आणि पट्टा यांच्यामध्ये छोटी उशी, डाव्या हाताखाली दुसरी उशी. उजव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर पुढची सीट बरी. रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक मला त्या दिवशी पाठ झाला.

कपड्यांची तयारी आधीच करून ठेवा. हात वर जात नाही, त्यामुळे डोक्यावरून घालायचं काहीही चालत नाही. पुढून बटणं असलेले ढगळ गाऊन तीन घेतले. गावातल्या शिंपीणकाकूंनी जुन्या धोतराच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, लांब नाडीच्या, गळ्यात अडकवायच्या. त्यात बाटल्या राहायच्या. अंघोळीच्या वेळीही त्याच गळ्यात. नळ्या लोंबकळत ठेवल्या की ओढ बसते आणि हिचा चेहरा लगेच सांगायचा. डावी बाजू असल्याचा एक फायदा झाला: पदर त्याच खांद्यावर येतो, म्हणून कुणी आलं की साडी गुंडाळून ती बसायची आणि काही दिसायचं नाही.

रोज सकाळी सात वाजता मोजायचं. वेळ बदलायची नाही, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. फवारणीच्या नोंदींची एक वही कोरी पडली होती, त्यात तारीख, छातीचं पाणी, काखेचं पाणी आणि रंग असे रकाने पाडले. घरी आल्यावरच्या पहिल्या सकाळी छातीचं ४० मिलिलिटर, काखेचं ९०. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. असाच बदलत जायला हवा. तो पुन्हा गडद लाल झाला, घाण वास आला, ताप आला किंवा नळीभोवती लाली पसरली तर थांबायचं नाही, फोन करायचा. आमच्या सर्जनचा नियम होता: सलग दोन दिवस चोवीस तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी आलं की नळी काढायची. छातीची नळी २५ तारखेला निघाली. काखेचीनं मात्र वाट बघायला लावली. ६०, ५५, ५५, पुन्हा ७०. ज्या दिवशी आकडा वाढायचा त्या दिवशी ही जेवायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हात जास्त हलला की पाणी वाढतं आणि काखेच्या नळीला दोन-तीन आठवडेही लागतात, यात काळजीचं काही नाही. तेव्हापासून मी वही तिला दाखवताना एका दिवसाचा आकडा न दाखवता आठवड्याचा रकाना दाखवायला लागलो. उतरती बाजू त्यात दिसायची.

टाके म्हणजे स्टीलच्या पिना होत्या. त्या २९ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी काढल्या. त्याआधी दवाखान्यातलं पहिलं ड्रेसिंग सांगायला हवं. सिस्टरनी पट्टी सोडायला घेतली आणि मला विचारलं, ‘दादा, बाहेर थांबता का?’ मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘थांबू देत. रोज त्यांनाच करायचंय.’ पट्टी निघाली. छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत तिरपी रेघ, त्यावर पिनांची ओळ, आणि त्या बाजूची छाती सपाट. मी घाबरेन असं मला वाटलं होतं. मला फक्त जखम स्वच्छ आहे एवढंच दिसलं आणि तेच बोललो, ‘स्वच्छ आहे. कुठं लाल नाही.’ तिनं मात्र खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. तिनं स्वतः बघितलं ते घरी आल्यावर, बऱ्याच दिवसांनी. मी एकदाही आरसा पुढे केला नाही, बघ म्हटलं नाही आणि बघू नको असंही म्हटलं नाही. पिना निघाल्यानंतरच्या एका दुपारी तिनं कपाटाच्या आरशासमोर उभं राहून गाऊनची बटणं काढली आणि मला हाक मारली. दोघांनी पाहिलं. ती रडली. मीही रडलो. मग तिनं विचारलं, ‘तुम्हाला कसंतरी वाटतं का?’ मी म्हटलं, ‘तुझं दुखतं का याचंच वाटतं.’ हे मी आजही तसंच सांगेन.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीला, ३१ ऑक्टोबरला, काखेची नळी अजून होती. हिला अभ्यंगस्नान चुकवायचं नव्हतं. आईनं उजव्या हाताला, पाठीला आणि पायांना तेल लावलं, डावी बाजू सोडून. जखमेवर पाणी जाऊ नये म्हणून कमरेखाली अंघोळ आणि वरचं ओल्या पंचानं पुसून घेणं. केस मी धुतले, तिला खुर्चीवर मागे झुकवून. उटण्याचा वास घरभर होता. फराळ त्या वर्षी मुलीनं आणि माझ्या बहिणीनं केला, चकल्या जरा कडक झाल्या आणि हिनं सगळ्या खाल्ल्या.

भेटायला येणाऱ्यांचं सांगितलंच पाहिजे. गावात माणूस आजारी पडला की अख्खी आळी येते, आणि ते प्रेमच असतं. पण खाटेशी बसून ‘आमच्या मावशीचं असंच झालं, चार महिन्यांत गेली’ असं सांगणारेही येतात. मी आईशी बोललो आणि वेळ ठरवून टाकली: संध्याकाळी पाच ते सहा, ओसरीवर. कुणी मेलेल्यांची गोष्ट काढली की आई सरळ म्हणायची, ‘चहा घ्या आणि दुसरं बोला.’ एका पाहुणीने हिच्या पेल्यातलं पाणी प्यायचं टाळलं, तेव्हा आईनं त्याच पेल्यातून स्वतः पाणी पिऊन दाखवलं. हा आजार लागत नाही. ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही. ज्यांना खरंच मदत करायची होती त्यांना मी काम दिलं: एकानं मुलाला शाळेत सोडायचं, एकीनं बुधवारी भाजी-भाकरी आणायची. भावानं बाग सांभाळली. छाटणीनंतरचे ते आठवडे डाऊनीसाठी, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीसाठी, रोज आभाळाकडे बघायचे असतात. त्यानं मला फवारणीचा पंपसुद्धा उचलू दिला नाही.

६ नोव्हेंबरला काखेची नळी निघाली. आदल्या दोन सकाळचे आकडे होते २८ आणि २५. नळी निघाल्यावर सगळं संपलं असं वाटतं, पण आठवड्याभरात काखेखाली फुगवटा आला, हात लावला की पाणी हलल्यासारखं. पुन्हा गाठ आली, असं समजून ही रात्रभर झोपली नाही. ते साठलेलं पाणी होतं. सर्जननी सुईनं काढलं आणि नंतर पुन्हा एकदा काढावं लागलं. तिला सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही, कारण काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. तिथली बारीक नस ग्रंथी काढताना दुखावते किंवा कापली जाते. हा बधिरपणा काहींचा कमी होतो, काहींचा राहतो. हिचा थोडा राहिलाय.

तपासणीचा रिपोर्ट तुकड्यातुकड्यानं येतो, हेही माहीत असू द्या. आधी गाठीचा आकार आणि ग्रंथींचा हिशोब आला: सोळा ग्रंथींपैकी दोनमध्ये कॅन्सर. मग हार्मोनची तपासणी, ईआर आणि पीआर दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे पुढे हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा उपयोग होणार. हर-टू, म्हणजे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते मात्र ‘दोन प्लस’ आलं, धड हो नाही, धड नाही नाही. अशा वेळी फिश नावाची आणखी एक तपासणी करतात. तिचे साडेनऊ हजार आणि दहा-बारा दिवसांची वाट. ती निगेटिव्ह आली. ऑपरेशनपेक्षा हे थांबणं जड गेलं, कारण त्यात करायला काही नव्हतं.

करण्यासारखं होतं ते हाताचं. आणि सगळ्यात जास्त मला हेच सांगायचंय. पहिल्या दिवसापासून मूठ उघडझाप आणि कोपर दुमडणं. नळी निघाल्यावर फिजिओथेरपीच्या ताईंनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी एकेक पाऊल टाकत हात वर न्यायचा, जिथं ओढ बसेल तिथं थांबून दहा अंक मोजायचे. मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलनं खूण करून तारीख लिहायचो. पहिली खूण तिच्या खांद्याच्या वर जेमतेम चार बोटं होती. दुखतंय म्हणून हात तसाच ठेवला तर खांदा आखडतो, आणि पुढे रेडिएशनच्या वेळी दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून न हलता झोपावं लागतं. हात वर गेला नाही तर ते उपचारच अडतात. हे कारण ताईंनी सांगितलं तेव्हापासून हिनं व्यायाम कधी टाळला नाही. अधूनमधून काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक ताठ दोरी जाणवायची, हात लांब केला की दिसायचीसुद्धा. ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना ती येते आणि हळूहळू ताण देऊन जाते. घाबरून व्यायाम थांबवायचा नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, ती चालत जाऊन मत देऊन आली. २५ ला केमो सुरू झाली. तिच्याबद्दल लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. उजव्या हाताच्या शिरा वाचाव्यात म्हणून डॉक्टरांनी उजव्या बाजूला पोर्ट, म्हणजे औषध सोडायला कातडीखाली ठेवतात ती छोटी डबी, बसवला, एवढंच इथं सांगतो. केस गेले, तोंड आलं, तरी भिंतीवरच्या खुणा वर सरकत राहिल्या. संक्रांतीच्या सुमारास ती बागेत आली, मांडवाखाली उभी राहिली आणि डावा हात वर करून तार धरली. वर्षानुवर्षं तिनं याच तारांना काड्या बांधल्यात. मी त्या ओळीत पलीकडे होतो. ‘धरली बघा,’ एवढंच तिनं ओरडून सांगितलं.

मेच्या अखेरीस रेडिएशन सुरू झालं, पंधरा बैठका, सोमवार ते शुक्रवार. आधी एक दिवस नुसत्या मापनाचा असतो. छातीवर शाईच्या खुणा करतात, त्या धुवायच्या नाहीत. रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, बाकी वेळ रांगेत. हात सहज वर गेला. कातडी काळवंडली आणि खाजायची, सुती सैल कपडा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम यानं भागलं. हे सगळं योजनेत बसलं. जूनपासून टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. रात्रीच्या जेवणाच्या ताटाशीच ठेवतो, म्हणजे विसरत नाही.

सपाट बाजूसाठी सुरुवातीला मुलीनं सुती कापडाचा मऊ गोळा करून ब्लाउजला आतून कप्पा शिवला. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घेता येतो. आमचा साडेचार हजारांना मिळाला. तो दुसऱ्या बाजूच्या वजनाला जुळता असावा, नाहीतर खांदा एका बाजूला झुकतो आणि मान दुखते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तापतो, घाम येतो, म्हणून घरी ही सुतीच वापरते. बाहेर जातानाही कधी घालते, कधी नाही. ते तिचं ती ठरवते. विणलेले हलके स्तन मोफत देणारे महिलांचे गटही आहेत; रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी शिंप्याच्या टेपनं तिचे दोन्ही हात मोजतो: मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर, कोपराच्या वर दहा सेंटिमीटर. दोन हातांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दाखवायचं, असं सांगितलंय. बागेत ती कोपराच्या वरपर्यंतचे हातमोजे घालते, कारण खरचटलेल्या जागी जंतू गेला तर हात सुजायला तेवढं पुरतं. औषधाच्या टाकीजवळ जात नाही. पाण्याची घागर उजव्या हातानं. डाव्या हातात बांगड्या सैल, मोजक्या.

सगळे कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेत, पहिल्या पानावर निदान, ऑपरेशनची तारीख, ग्रंथींचा हिशोब, केमोची नावं आणि चालू गोळी. नवीन डॉक्टर दिसला की आधी ते पान पुढे करतो. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. पुढची १५ ऑक्टोबरला, आणि उजव्या बाजूची वर्षाची मॅमोग्राफी त्याच सकाळी ठरवून घेतलीय, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही होईल. त्याच आठवड्यात फळछाटणी आहे. मजुरांना सांगून ठेवलंय, आणि कुठल्या ओळीपासून सुरू करायचं ते हिनं आधीच ठरवलंय.